पाच इंची नळी

बायकोचं दफन करून तीन आठवडे झाले होते. ऑरिन दुकान उघडता उघडताच व्हर्नासमोर येऊन उभा राहिला. "एक रिव्हॉल्व्हर दे. कुठलंही चालेल."

वायोमिंगच्या त्या गावात व्हर्ना तीस वर्षं बंदुका विकत होती, पण 'कुठलंही' म्हणणारं गिऱ्हाईक तिनं पाहिलं नव्हतं. बायकोमागोमाग जायचं तर याच्या मनात नाही ना? वेळ काढायला तिनं दोन रिव्हॉल्व्हरं पुढ्यात ठेवली. "दोन्ही एकाच जातीची. याची नळी चार इंची, सडपातळ. त्याची सहा इंची, खालून जाड. हातात घेऊन बघ तरी!"

ऑरिननं नाइलाजानं लांब नळीचं उचललं. मग पुन्हा एकदा उचललं.

"हे पुढून जड आहे गं. नेम हलायचा नाही, पण नदीत उभं राहिलं की कमरेला ओढ बसेल."

"नदीत?"

"ऑगस्टात नात येतेय. ट्राउट मासे पकडायला शिकव म्हणून मागे लागलीय. आणि यंदा अस्वलं पार काठापर्यंत उतरतायत." त्यानं दुसरं उचलून नाक मुरडलं. "हे हलकं, पण बार उडाला की हातात उसळणार. मधलं नाही का, पाच इंची?"

"मागवावं लागेल. सहा आठवडे लागतील."

"एवढे?" तो कुरकुरला. "बरं, मागव. थांबतो मी."

व्हर्ना मटकन स्टुलावर बसली.

"काय झालं गं?"

"काही नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "तू थांबतोयस ना, बस्स."