नाव घेऊन प्रार्थना

एस्तेरला फिट यायची, हे सुवार्ताबाईंनी मंठाळ गावात कुणालाच कळू दिलं नव्हतं. फक्त बीदरच्या चर्चमधल्या पाळकबाईंपाशी एकदा रडून सांगितलं होतं, "पोरीसाठी देवाजवळ मागा, पन मानसांत बोलू नका." पाळकबाईंनी डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता. गोळ्या सुरू होऊन चार वर्षं झाली, फिट पुन्हा आली नव्हती. आज बीदरचं चांगलं स्थळ घरी आलं होतं. बोलणी पुढे सरकली की आपणच सगळं सांगायचं, असं मायलेकींनी ठरवलं होतं.

चहा झाला. मुलाच्या आईनं सुवार्ताबाईंचा हात हातात घेतला. "अक्का, पोरगी गुनाची हाय. पन तिच्या फिटचं ठाऊक हाय आमाला. मन धजंना."

"कुनी सांगितलं?"

"उपासाच्या प्रार्थनेत पाळकबाई दर शुक्रवारी तिचं नाव सांगायल्यात की. चार वर्षं झाली, चाळीसजणी गुडघे टेकायलाव."

सुवार्ताबाईंनी हात सोडवून घेतला आणि पदर डोळ्यांना लावला.

 

"रडू नका, अक्का," उठता उठता मुलाची आई मायेनं म्हणाली, "ह्या शुक्रवारी मीच उभी राहून सांगते, एस्तेरचं लग्न जमू दे म्हनून समद्याजणी मागा."