नर्मदाकाकूंचं गोंदण

या भिया, खुर्ची ओढा अन् बसा. आमच्या देवासच्या नर्मदाकाकूंची गोष्ट ऐकवतो. छोटीच आहे, पण ऐकून डोकं तापलं नाही तर मला म्हणा.

टेकरीखाली धीरजचं टॅटूचं दुकान आहे. कॉलेजची पोरं येतात, कुणी विंचू काढून घेतं, कुणी त्रिशूळ. तिथं परवा भरदुपारी काकू शिरल्या. साठी उलटलेली बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. खुर्चीत बसल्या, डावा हात पुढं केला अन् म्हणाल्या, "काढ."

धीरज बिचकला. "आंटी, शुगर-वुगर तो नहीं ना? खाना खाके आए हो?"

"खाऊन आलेय. तू तुझं काम कर."

त्यानं हातमोजे चढवले, सुईचं नवं पाकीट काकूंच्या समोर फाडलं. मनगटाशी जागा पाहिजे म्हणून बांगड्या काढायला सांगितल्या. काकूंनी साबणाचं पाणी मागितलं अन् एकेक बांगडी ओढून काढली. हात लालबुंद झाला तरी थांबल्या नाहीत. मग त्यानं हातावरची लव भादरली, स्पिरिटचा बोळा फिरवला. तेवढं गार लागलं ते बरं वाटलं काकूंना. बाकी सगळं अंग पेटलेलं.

तेवढ्यात त्यांचे यजमान उदाजीराव येऊन थडकले. कुणीतरी चुगली केली असणार. स्कूटर तशीच रस्त्यात सोडलेली.

"बांगड्या उतरवल्या? अगं, मी धडधाकट उभा आहे अजून!"

"दिसताय."

"या वयात ही थेरं! लोक शेण घालतील तोंडात. अन् गोंदवायचंच असेल तर माझं नाव गोंदव. चारचौघांत शोभेल तरी."

काकूंनी मान वळवली. "तुमचं नाव जन्मात जिभेवर घेतलं नाही मी. आता कातडीवर घेऊ?"

धीरजला हसू फुटलं. त्यानं ते खोकल्यात दाबलं.

आता आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. उदाजीरावांनीही लिहिलं, त्यांच्या आईनं सांगितलं ते. नर्मदा. पेढे वाटले, फोटो काढला, अन् धारहून आलेली पोरगी त्या ताटातच पुसली गेली. तिला जुन्या नावानं हाक मारणारा एकच उरला होता, धारचा थोरला भाऊ गणोजी. तोही सासरच्या उंबऱ्यात पाय ठेवला की 'नर्मदाबाई' म्हणायचा, रीत म्हणून. फोनवर मात्र जुनंच नाव. गेल्या महिन्यात गणोजी गेला. काकू रडल्याच नाहीत हो. त्यांना राग आला, अन् तो काही केल्या उतरेना.

"आंटी, लिखना क्या है?" धीरजनं विचारलं.

"यांना विचार," काकू म्हणाल्या. मग नवऱ्याकडं बघून, "सांगा ना. माझं नाव सांगा. बरोबर सांगितलंत तर आत्ता उठते, घरी येऊन पोळ्या लाटते, पुन्हा हा विषय नाही."

"नर्मदा."

"ते तुमच्या आईनं ठेवलेलं. मी घेऊन आले होते ते सांगा."

उदाजीराव छताकडं बघायला लागले. पंखा बघितला, भिंतीवरचा वाघ बघितला. मिशीवरून हात फिरवला. "पत्रिकेत होतं की... थांब... कुमुदिनी!"

"कुमुदिनी म्हणजे राजगढची. तिनं तुम्हाला नकार दिला होता." काकूंचा आवाज चढला नाही, पण बाहेर गाडी पुसणारा माणूस थांबला. "तिचं बरं ध्यानात राहिलं!"

"अगं, चाळीस वर्षं झाली..."

"चाळीस वर्षं शेजारी झोपतेय."

उदाजीराव बाकावर बसले. धीरजनं मशीन हातात घेतलं होतं, ते पुन्हा खाली ठेवलं.

"वेणू," काकू म्हणाल्या. धीरजला सांगितलं, पण बघितलं नवऱ्याकडं. "मोठं काढ रे. यांना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."

सुई लागली तेव्हा काकूंनी दात आवळले, हात मात्र हलू दिला नाही.

तर भिया, जाताना तुम्ही त्यांच्या फाटकावरूनच जाल. माझं एक काम करा. 'वेणूकाकू' म्हणून जोरात हाक मारा. पहिल्या हाकेला त्या नाही वळणार, कानाची सवय मोडलीय. तसेच पुढं निघून जाऊ नका. जरा थांबा, अन् पुन्हा मारा.