मागची रांग

“प्रश्न पोटात ठेवू नये गं, पोट दुखतं.”

भांडी विसळता विसळता आई म्हणायची. शाळेतून आलेल्या लेकीच्या खांद्यावर दप्तर तसंच असायचं. पाण्याच्या धारेतून आलेला तो आवाज वर्षं लोटली तरी तिच्या कानात होता. विद्यापीठाच्या संगणक मंडळात ‘पडद्याचं काम कोण घेतं?’ असं विचारलं गेलं, तेव्हा तिने हात वर केला तो त्या आवाजाच्याच भरवशावर.

काम तसं सोपं. दर गुरुवारी कुणी पाहुणा व्याख्यान देई. ऐकणारे आपापल्या फोनवरून बिननावाचे प्रश्न पाठवत. ती पहिल्या रांगेत, सभागृहाकडे पाठ करून संगणकापाशी बसे आणि एकेक प्रश्न भिंतीवरच्या पडद्यावर सोडी. शेवटी कुणी हात वर केला तर त्याला माइक नेऊन देई. सगळे तिला पडदेवाली म्हणत.

मंडळाची तऱ्हाच न्यारी. शेजारच्याला ‘सरक जरा’ म्हणायचं तरी ही मंडळी फोनवर टाइप करून म्हणणार. चहाला सगळी गोल करून बसली, की खोलीत आवाज काय तो बिस्किटांचा.

अशा मंडळात त्या वर्षी एक कोडं उगवलं.

व्याख्यान होतं पुसलेल्या माहितीवर. पडद्यावर प्रश्न आला: “फळा पुसला की बोटांना खडू लागतो. तुमचं यंत्र पुसतं, तेव्हा कुणाच्या बोटांना काय लागतं?” खाली सही होती, ‘मागची रांग’.

पाहुणा हसला. मग थांबला. मग उरलेला सगळा वेळ त्या एका प्रश्नावरच बोलला.

पुढच्या खेपेला विषय होता माणसाचा आवाज ओळखणारी यंत्रं. पुन्हा तीच सही: “बोललेलं यंत्राला कळतं. ओठापर्यंत येऊन माघारी गेलेलं कुणाला कळतं?”

सगळ्या माना मागे वळल्या. मागच्या रांगेत पाय ताणून बसायची सवय एकाच माणसाला, लंबूला. त्याने कानांवर हात ठेवले. “आईशप्पथ, मी नाही!”

त्याच्या नाही म्हणण्याने तर सगळ्यांची खात्रीच पटली.

मंडळाची अध्यक्षीणबाई म्हणजे बोलायला लागली की गिरणीचा पट्टा. ती पडदेवालीच्या खुर्चीला येऊन चिकटली. “ए, सगळे प्रश्न तुझ्या हातून जातात ना? मग सांग की, कोण आहे हा?”

पडदेवालीने फोनवर टाइप केलं, ‘यंत्र कुणाचं नाव ठेवून घेत नाही.’

“यंत्राचं मरू दे! तू काय गुळणी धरून बसलीयस?”

पडदेवालीने हसून तिच्या तोंडात बिस्कीट कोंबलं.

महिन्याकाठी मंडळाची खेळांची संध्याकाळ असे. त्या वेळी बुद्धिबळाचे पट तसेच पडून राहिले आणि हाच खेळ रंगला.

“लंबू चोरून कविता करतो, लिहून ठेवा.”

“अरे, लंबूला हजेरीला ‘हजर’ म्हणायचं सुचत नाही!”

“मी सांगू? कुणी माणूस नाहीच. यंत्रच यंत्राला चिमटे काढतंय.”

पडदेवाली डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मंडळाच्या मार्गदर्शक सरांना मात्र हे काही रुचेना. “बिननावाचा प्रश्न म्हणजे भिंतीआडून मारलेला खडा,” ते म्हणाले. “प्रश्न चांगले आहेत, म्हणूनच सांगतो. शेवटच्या सभेत या माणसाने उभं राहावं. पुढच्या वर्षीचं पहिलं व्याख्यान त्याचं. नाही उभा राहिला, तर पडदा बंद. मग ज्याला विचारायचंय त्याने हात वर करून, माइक घेऊन विचारावं.”

पडदा बंद म्हणजे पडदेवालीही बंद. ती त्या दिवशी तारा गुंडाळत बराच वेळ बसून राहिली. चहा निवून गेला.

शेवटच्या सभेला दारापर्यंत गर्दी झाली. पाहुणीबाई सांगत होत्या, दूरदूरची यंत्रं एकमेकांशी कशी बोलतात. पडदा उजळला: “उत्तर यायला उशीर झाला, तर यंत्र किती वाट पाहतं? आणि माणूस?” सही तीच.

“यंत्राला मुदत घालून दिलेली असते,” बाई म्हणाल्या. “ती सरली की ते समजतं, पलीकडे कुणी नाही.”

“आणि माणूस?” कुणीतरी ओरडलं.

“माणसाचं मला ठाऊक नाही,” बाई हसल्या. “ते तुम्हीच सांगा.”

सर उठले. “मागची रांग, उभे राहा.”

माना वळल्या. लंबू नाइलाजाने उभा राहिला. “सर, खरंच मी नाही हो. मला तर तो खडूचा प्रश्न अजून कळलेला नाही.”

हशा पिकला आणि विरला. मग कुणी हसेना, कुणी उठेना. सरांनी साऱ्या सभागृहावरून नजर फिरवली आणि चष्मा काढला.

“ठीक आहे. बाळ, पडदा बंद कर.”

पडदेवालीचा हात बटणाकडे गेला आणि परत आला. शेजारी माइक होता, दुसऱ्यांना नेऊन द्यायचा. तो तिने उचलला आणि ती सभागृहाकडे तोंड करून उभी राहिली.

तिचे ओठ हलले. पहिलं अक्षर अडलं. पुन्हा अडलं. मान ताठ झाली, डोळे मिटले. कुणीतरी मदतीला शब्द पुरवायला तोंड उघडलं, तर अध्यक्षीणबाईने, आयुष्यात पहिल्यांदाच, ओठांवर बोट ठेवलं.

सभागृह वाट पाहत राहिलं.

“मा... मा... मागची रांग,” ती म्हणाली, “म... मीच आहे, सर.”