दुकानामागची खोली

मायच्या खोलीत यायचं तर पोरानं रिकाम्या हातानं आलं तरी चालतं, पण विपुल आला तो दुकानातली गुरांच्या ढेपेची पोती घेऊन, हे गोदाबाईंना फार लागलं. अकोल्यात दुकानामागे ही खोली बांधल्यापासून त्यानं तिथं पाऊल टाकलं नव्हतं. जेवणाचं ताटसुद्धा हमालाच्या हाती येई. आज मात्र त्यानं मायची खाट बाहेर काढली, देवांवर ताडपत्री टाकली आणि पोती रचली.

"माय, खोलीचा खर्च म्या दुकान वाढवलं म्हणून दाखवला. करात सूट घेतली. आता साहेब पाहाले येऊन राहिले. गोडाऊन हाय म्हणून सांगजो."

साहेब आले. खुंटीवर गोदाबाईंचं लुगडं राहूनच गेलं होतं. त्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "आजी, इथं कोण राहतं?"

विपुल घाईनं लुगड्यापुढे जाऊन उभा राहिला.

"कोणी नाई राहत, सायेब," गोदाबाई ठणकावून म्हणाल्या.

साहेब गेले तसा विपुल हसला. "वाचवलं माय तू! माह्यासाठी खोटं बोलली."

गोदाबाईंनी लुगडं काढून झटकलं.

"खोटं कायचं, बापू? इथं कोणी राहते, हे तुलेबी आज खाट उचलतानाच समजलं."