तिसरं कडवं

पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि सगळ्यांनी एकदम 'शूऽऽ' केलं, जणू झाकणाला कान आहेत. लोसाने पातेलंच खाली उतरवलं. नारळाच्या दुधातलं अळू राहू दे अर्धकच्चं. बाराला एक मिनिट कमी होतं, आणि बाराच्या ठोक्याला अख्ख्या टोंगा बेटांवर तिचं गाणं वाजणार होतं. तिने लिहिलेलं, तिनेच गायलेलं, रेडिओवरचं पहिलं.

चटईवर शेजारणी, त्यांच्या मांडीवर पोरं. मधोमध खुर्चीत आत्या, जिच्या शब्दापुढे घरात कुणी जात नाही. दाराशी लोसाचा थोरला भाऊ, सेमिसी. रताळ्यांची टोपली द्यायला आला आणि गर्दीत अडकून तिथेच टेकला.

"आता ऐका एक नवं प्रेमगीत," रेडिओ म्हणाला. सेमिसी उठला आणि मागे न बघता बाहेर पडला.

"पळाला बघ," एक शेजारीण हसली. "मागे डुक्कर लागल्यासारखा."

"पळणारच," आत्या म्हणाली. "बहीण समोर असताना प्रेमाचं गाणं ऐकत बसेल होय? भावाबहिणीने असलं एकत्र ऐकायचं नाही, ही आपली रीत."

लोसाही हसली, पण तिचा जीव दारापाशीच घुटमळला. गिटारवर तिची इवली बोटं त्यानेच पहिल्यांदा ठेवली होती. ती वयात आली तसा रीतीप्रमाणे तो कुंपणापलीकडच्या खोपटात राहायला गेला. जाताना गिटार तिच्या दाराशी ठेवून गेला. पहाटे ती मागच्या पाकघरात एकटी गाणी जुळवायला बसे, तेव्हा पलीकडे त्याचं नारळ सोलणं चालू असे. ठक्, ठक्. तिने सूर लावला की ठकठक बंद. निघून गेला असणार, म्हणून तीही मोकळ्या गळ्याने गायची. चौदा वर्षं हे असंच. गावाने कितीही वाहवा केली तरी 'जमलं गं' हे एकाच माणसाकडून ऐकायचं होतं, आणि त्या माणसाने तिचं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं.

रेडिओतून तिचाच आवाज आला. कुणीतरी हुंदका दिला, कुणी तिला चिमटा काढला. दोन कडवी झाली आणि गाणं संपलं. तिसरं वेळेपायी मुद्रणाआधीच गाळलं होतं. असू दे, ते तिने पहाटेच्या पाकघराबाहेर कुठे म्हटलंच नव्हतं. घरात नुसता कल्ला उठला. ऑकलंडहून मावसबहिणीचा फोन आला, आणि आत्या, साक्षात आत्या, खुर्ची सोडून हात वळवत नाचू लागली.

तेवढ्यात सहा वर्षांची फिने बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत आली.

"आई, मामा नीरफणसाखाली बसून तुझं गाणं म्हणतोय."

आत्याचे हात हवेतच थांबले.

"रस्त्यावरून ऐकलं असेल गं," शेजारीण घाईने म्हणाली. "घराघरात रेडिओ लागलाय."

"नाही काही. रेडिओवर नव्हतं ते." फिनेने मान तिरकी करून, मामासारखाच आवाज जाड करून म्हणून दाखवलं, "होडी वळते, आधी दिसतो तुझ्या दारचा दिवा..."

तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ. सुरासकट.

लोसाने उतरवलेलं पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं. झाकण खडखडलं. आत्या तिच्याकडेच बघत होती.

फिनेने तिचा झगा ओढला. "सांग ना आई. मामाला ते कुणी शिकवलं?"