गोधडीचा दोरा

कचरा डेपोत प्लास्टिक खायला सोडलेले जंतू गावात शिरले, त्याला दोन महिने झाले होते. बादल्या गेल्या, पडदे गेले, नायलॉनच्या साड्यांचा कपाटातच भुगा झाला. सूत, लोकर आणि ताग तेवढे टिकले. म्हणून रेवतीला गोधडीची काळजी नव्हती. आईने ती जुन्या सुती लुगड्यांची शिवली होती.

सकाळी तिने गोधडी उचलली, तर थर सुटे होऊन खाली पडले. लुगडी धडधाकट होती, टाके मात्र नाहीसे झाले होते.

“दोरा नायलॉनचा होता का गं?”

तिने खाटेवर बसलेल्या आईला, विमलबाईंना, विचारलं.

थर जुळवताना मधून एक झबलं निघालं. वीतभर, मलमलीचं. रेवती तर एकुलती एक.

“हे कुणाचं?”

“तुझ्या आधी एक होता. अठरा दिवसांचा. सासूबाईंनी त्याचे कपडे ओढ्यात सोडायला लावले. एवढं एक मी ठेवून घेतलं. कधी उसवू नये म्हणून दोरा नायलॉनचा घेतला.”

रेवतीने झबल्याची घडी नीट केली. मग तिने ते होतं तिथेच ठेवलं, वर लुगडं पसरलं आणि सुईत सुताचा दोरा ओवला. आईच्या टाक्यांची भोकं अजून दिसत होती.

“हा कधीतरी तुटणार, आई.”

“तुटू दे,” विमलबाई म्हणाल्या. “आणि ते मधे नको. उशाकडे घे, हाताला लागेल असं.”