येस ताई

बेचाळीस चिठ्ठ्यांतली एकोणचाळिसावी चिठ्ठी उघडली आणि सुलक्षणाच्या हातातला चहा तसाच राहिला.

‘मी गऊ ते मनी सायकल वनाले दी द्या.’

पेन्सिलनं, अहिराणीत लिहिलेलं: मी गेलो तर माझी सायकल वनाला द्या. खाली नाव नाही. नाव कसं असेल? तिनंच तासाला शंभरदा बजावलं होतं ना, मनात असेल ते लिहा, नाव मात्र लिहू नका, कोणी लिहिलं ते मी शोधणार नाही, शब्द देते म्हणून! दर शनिवारी जळगावहून एसटीनं या गावी यायचं, नववीच्या पोरांना मन कसं सांभाळायचं ते शिकवायचं आणि शेवटी चिठ्ठ्यांचा डबा फिरवायचा. तीन शनिवार डब्यातून गणिताची भीती निघाली, बापाची दारू निघाली, एका बहाद्दरानं तर ‘ताई, वडापाव आणा’ असंही लिहिलं. आज हे निघालं.

तिनं चिठ्ठी वर्गशिक्षक रुपचंद सरांपुढं धरली. सरांनी ती वाचली, चष्मा पुसून परत वाचली.

“सुरतेला जायचं असेल हो मॅडम. इथली पोरं जातात कामाला.”

“सुरतेला जाणारा सायकल विकून जाईल, सर. अशी वाटून नाही.”

अक्षर ओळखता येईल का, असं तिनं विचारलं, तर सर म्हणाले, सगळ्यांचे सारखेच कोंबडीचे पाय. मग आवाज उतरवून म्हणाले, “एकदम बोभाटा नका करू. मस्करी निघाली तर गाव हसेल आपल्याला.”

हसू दे की मेलं! पण ती हे बोलली नाही. मस्करीच निघावी, असं तिलाही मनापासून वाटत होतं.

“हा वना कोण?”

“पाचवीतला. नदीपलीकडच्या वस्तीवरून पायी येतो बिचारा. मोठी पोरं बसवतात त्याला डबलसीट.”

तेवढ्यात घंटा झाली. शनिवारची सकाळची शाळा, पोरं थांबतात होय! सुलक्षणा चपला न घालताच फाटकाकडं धावली. वना सापडला तर सायकल कोणाची ते कळेल. एवढाच एक धागा तिच्या हाती होता.

सायकली सुटल्या होत्या. “येस ताई!” “येस ताई!” पहिल्या शनिवारी तिला वाटलं होतं, पोरं आपल्यापुढं इंग्रजी फाडताहेत. ती बोदवडची, तिकडची बोली वेगळी. तिनंही कौतुकानं ‘यस, यस’ म्हटलं होतं आणि पोरं खिदळली होती. मग सरांनी समजावलं, येस म्हणजे येतो. निघताना जास म्हणायचं नाही, जातो म्हणणं अशुभ.

आज तिला कोणाच्या तोंडाकडं बघायलाही सवड नव्हती. ती बुटकं पोर शोधत होती. “ए, वनाला पाहिलंस का रे? वना कुठंय?” सायकली तिच्या दोन्ही बाजूंनी जात होत्या. मध्येच एक उंच पोरगा पायी आला आणि नेमका तिच्यासमोर थांबला.

“जास ताई.”

“हो हो, नीट जा,” म्हणत तिनं त्याला दंडाला धरून बाजूला केलं. मागचं दिसत नव्हतं.

फाटक रिकामं झालं. धूळ बसली. आणि मग वना आला, त्याच्याहून उंच सायकल ढकलत, घंटी वाजवत. तोंडभर हसू.

“ताई, देखा! आते मनी शे.”

“कोणी दिली?”

“कुंदनदादानी. दीच टाकी. म्हने, ले तुले.”

“कुठं आहे तो?”

“आत्तेच गया ना, पायी. तुमना समोरतून.”

सुलक्षणा वळली. फाटकापुढं दोन रस्ते फुटत होते, एक गावात, एक नदीकडं. दोन्हीवर कोणी नव्हतं. तो कुठल्या रस्त्यानं गेला ते तिनं पाहिलंच नव्हतं. त्याचा दंड तेवढा तिच्या हाताला आठवत होता, काटकुळा, उन्हानं तापलेला. देवा, हातात होता की गं तो माझ्या!

“सर!” ती किंचाळली. “सर, कुंदन!”

सर मोटरसायकल घेऊनच आले. त्यांचाही चेहरा उतरला होता.

“कोणीकडं, मॅडम?”

तिला सांगता येईना. तिनं आधी नदीकडं बोट केलं, मग गावाकडं. वना दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. त्याचं हसू मावळलं. आपलंच काही चुकलं असं वाटून तो घाईघाईनं म्हणाला,

“मी सांगं त्याले, ताई. जास नही म्हनानं, येस म्हन. तो नुस्ता हसना.”